चौकोन गोलापेक्षा गोल निघाला तेव्हा

मी पेशींकडे आले ती वाळूच्या रस्त्याने. वाळू म्हणजे खरी वाळू नव्हे. कॉम्प्युटरवर एका चौकटीत हजारो चकत्या टाकायच्या, चौकट हळूहळू आवळायची आणि चकत्यांचा ढीग कुठल्या क्षणी हलायचा थांबतो ते बघायचं, हे माझं दोन वर्षांचं काम होतं. वेड्यावाकड्या पसरलेल्या चकत्यांनी साधारण ८४ टक्के जागा व्यापली की त्या एकमेकींत अडकतात. चकत्यांऐवजी त्रिमितीतले गोळे घेतले तर आकडा ६४ टक्क्यांच्या आसपास येतो. या अडकण्याला जॅमिंग म्हणतात. वाळू, फेस, रंगाचा लगदा, सगळ्यांना हा एकच शब्द लावता येतो याचं मला तेव्हा फार अप्रूप होतं.

त्यामुळे पेशींच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "दाटीवाटीने बसलेला पेशींचा थर द्रव का घन?" तेव्हा मी क्षणभरही न थांबता "घन" म्हणाले. पेशींच्या अस्तरात फटी नसतात. पेशीला पेशी चिकटलेली, शंभर टक्के जागा भरलेली. माझ्या चकत्या ८४ टक्क्यांना हात टेकतात, तर इथे प्रश्नच कुठे येतो?

मॅडमनी वाद घातला नाही. एक फिल्म लावली. सोळा तासांचं चित्रण वीस सेकंदांत. आधी मला नुसती खडबडीत फरशी दिसली. मग फरशी हलायला लागली. पाच-दहा पेशींचा एक घोळका डावीकडे सरकला, शेजारचा घोळका त्याला वळसा घालून वर गेला, मध्ये भोवरा झाला आणि विरला. आणि या सगळ्यात कुठेही एक फट पडली नाही. मग दुसरी फिल्म, त्याच पेशी, फक्त तीन दिवसांनंतरच्या. पेशी जागच्या जागी थरथरत होत्या, बाकी सगळं ठप्प.

"दोन्हीकडे शंभर टक्के," मॅडम म्हणाल्या. "आता सांग."

गेली दोन वर्षं मी तेच सांगायचा प्रयत्न करते आहे.

आधी पेशी वाढवायला शिकावं लागलं, आणि तिथे माझी पदवी काही कामाची नव्हती. आमच्याकडच्या पेशी एमडीसीके वंशाच्या. मॅडिन आणि डार्बी यांनी १९५८ मध्ये एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून वेगळ्या केलेल्या पेशींची ही आजवर चालत आलेली वंशावळ. सदतीस अंश तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, दर दोन-तीन दिवसांनी स्प्लिट करायच्या, म्हणजे सुट्या करून नव्या ताटल्यांत वाटायच्या. लॅबमधली सीनिअर, जिला सगळे ताईच म्हणायचे, तिने मला हूडमध्ये, म्हणजे जंतुविरहित हवेच्या कपाटात, हात कसे ठेवायचे इथपासून शिकवलं. पेशी सुट्या करणारं ट्रिप्सिन हे विकर घालण्याआधी कॅल्शियम नसलेल्या द्रावणाने पेशी धुवायच्या, ही पायरी मी दोनदा गाळली आणि दोन्ही वेळा पेशी सुट्या न होता पापुद्र्यासारख्या निघाल्या. "अगं, त्यांचे हात आधी सोडव ना," ताई म्हणाली. पेशींना एकमेकींशी जोडणारे कॅडहेरिन नावाचे रेणू कॅल्शियम असेल तरच पकड धरतात. ही पकड पुढे माझ्या गणितात थेट येऊन बसणार होती, पण तेव्हा ती मला नुसती कटकट वाटली.

चित्रणाच्या पहिल्या तीन रात्री वाया गेल्या. एकदा खोलीचं तापमान रात्रीत उतरलं, मायक्रोस्कोपचा धातू आकसला आणि पहाटेपर्यंत फोकस थरातून खाली काचेत गेला. एकदा झाकणाला आतून दव धरलं. तिसऱ्या वेळी मी हौसेने दर मिनिटाला प्रखर निळ्या प्रकाशात फोटो घेतले. कडा सुंदर दिसल्या, पण चार तासांत पेशी गोल होऊन सुटायला लागल्या. मी पाहत होते ते मरण होतं, प्रवाह नव्हे. मग दर दहा मिनिटांनी एक फोटो, तोही शक्यतो साध्या प्रकाशात, यावर आम्ही स्थिरावलो.

पहिली चांगली फिल्म मिळाली तेव्हा मी ती चौकट-चौकट करून पाहिली. फटी नसलेल्या गर्दीत कुणी पुढे जातंच कसं, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. उत्तर चार पेशींत सापडलं. डावी आणि उजवी पेशी एकमेकींना चिकटलेल्या, त्यांच्यामध्ये एक उभी कड. वरची आणि खालची एकमेकींपासून दूर. ती उभी कड आखडत जाते, आखडत जाते, तिचा बिंदू होतो, क्षणभर चारही पेशी एकाच ठिकाणी भेटतात, आणि मग त्या बिंदूतून आडवी कड उघडते. आता वरची आणि खालची शेजारी, डावी-उजवी दुरावलेल्या. कुणी उडी मारली नाही, कुणी फट पाडली नाही, फक्त शेजार बदलला. याला टी-वन म्हणतात, आणि हा शब्द साबणाच्या फेसाचा अभ्यास करणाऱ्यांकडून आला आहे. फळमाशीच्या गर्भात शरीराचा पट्टा काही तासांत दुपटीहून जास्त लांब होतो, त्यात मोठा वाटा याच अदलाबदलीचा असतो. एका दिशेच्या कडा आखडतात, आडव्या दिशेच्या उघडतात, आणि पट्टा अरुंद होत लांबतो.

म्हणजे थर द्रव आहे की घन, हा प्रश्न शेवटी एवढाच उरतो की एक कड आखडून बिंदू व्हायला किती किंमत पडते. किंमत भरावी लागत असेल तर घन. फुकटात होत असेल तर द्रव.

ही किंमत मोजायला जे मॉडेल वापरतात त्याला व्हर्टेक्स मॉडेल म्हणतात. त्यात प्रत्येक पेशी म्हणजे एक बहुभुज. तिला दोनच हट्ट. एक, माझं क्षेत्रफळ इतकंच हवं. दोन, माझी परिमिती इतकीच हवी. हट्टापासून जेवढी लांब, तेवढी ऊर्जा जास्त. दुसऱ्या हट्टात खरी पेशी लपलेली आहे. कडेखाली ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचा जो पट्टा असतो तो कड आवळतो, म्हणजे परिमिती कमी करू पाहतो. कॅडहेरिनची पकड मात्र शेजारणीशी जास्तीत जास्त कड वाटून घ्यायला लावते, म्हणजे परिमिती वाढवते. दोघांच्या ओढाताणीतून पेशीला हवीशी परिमिती ठरते. तिला हव्याशा क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागलं की नुसता एक आकडा उरतो, आकार निर्देशांक. वर्तुळाचा ३.५४, नियमित षटकोनाचा ३.७२, नियमित पंचकोनाचा ३.८१, चौकोनाचा ४.

२०१५ मध्ये दापेंग बी, लिसा मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या मॉडेलमध्ये घनता तशीच ठेवून फक्त हा एक आकडा फिरवला तरी थर घनाचा द्रव होतो, आणि बदल घडतो ३.८१ च्या आसपास. त्याखाली पेशींना हवी तेवढी आखूड परिमिती मिळतच नाही, प्रत्येक कड ताणात राहते आणि शेजार बदलायला ऊर्जा लागते. त्यावर प्रत्येकीला हवी ती परिमिती आरामात मिळते, कडा सैल पडतात, आणि टी-वन फुकट. नियमित पंचकोनाचा आकडा इथेच का डोकावतो? एक ढोबळ स्पष्टीकरण मला पटतं. फटी नसलेल्या थरात सरासरी शेजार सहा असतात, आणि कड बिंदूला पोचते त्या क्षणी तिच्या दोन्ही बाजूंच्या पेशी एकेक बाजू गमावून पंचकोनी होतात. पंचकोन होणं परवडत असेल तर पुढचं सगळं परवडतं.

मला हलवून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. माझ्या वाळूत कणांना चिकट केलं की ढीग घट्ट होतो. इथे चिकटपणा वाढला की हवीशी परिमिती वाढते, निर्देशांक चढतो आणि थर पातळ, म्हणजे वाहता, होतो. शेजारणीला जास्त घट्ट धरणारी पेशी जास्त सहज शेजार बदलते! हे वाक्य मी मॅडमना तीनदा म्हणून दाखवलं. निदान मॉडेलपुरतं ते खरं आहे. खऱ्या पेशीत पकड वाढली की आवळणारा पट्टाही अनेकदा बदलतो, त्यामुळे हिशोब इतका सरळ राहत नाही.

मॉडेल मी स्वतः लिहिलं, चारशे बहुभुजांचं. दोन आठवडे ते लुकलुकत राहिलं. कड आखडली की प्रोग्रॅम टी-वन करायचा, नवी कड जन्मतःच इतकी आखूड असायची की पुढच्याच पावलाला पुन्हा टी-वन, मग पुन्हा उलट. नवी कड मर्यादेपेक्षा थोडी लांब काढायची, एवढ्यावर ते सुटलं. पुढे सगळं पुस्तकासारखं झालं. निर्देशांक ३.७ ठेवून थर तिरका ढकलला की तो परत यायचा, ३.९ ठेवला की ढकललेला तिथेच राहायचा. मी मनात म्हटलं, आता फिल्ममधल्या पेशींचे आकार मोजायचे की झालं.

मोजले. ताज्या, वाहत्या थराचा निर्देशांक जवळजवळ ५. तीन दिवसांच्या ठप्प थराचा ४.९.

मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. माझ्या मते आमचा ठप्प थर सगळ्या ज्ञात थरांपेक्षा पातळ निघाला होता, आणि तरीही हलत नव्हता! रात्रभर मी त्याची कारणं लिहून काढली. सकाळी ताईने ती वही चाळली, काही बोलली नाही, आणि विचारलं, "तुझ्या प्रोग्रॅमला साधा षटकोन दाखवलास का?"

नव्हता दाखवला. तिथेच बसून काढला. नियमित षटकोन, एक बाजू आडवी. उत्तर यायला हवं ३.७२, आलं ४.६३. तोच षटकोन पंधरा अंशांनी फिरवला, आलं ४.७९. वर्तुळ काढलं, ४.५१. चौकोन काढला, बरोबर ४.

माझ्या प्रोग्रॅमच्या लेखी चौकोन वर्तुळापेक्षा गोल होता.

कारण शरमेने मान खाली जावी इतकं साधं होतं. चित्र म्हणजे चौकोनी ठिपक्यांची जाळी. मी पेशीची परिमिती म्हणून तिच्या सीमेवरच्या ठिपक्यांच्या बाजू मोजत होते. तिरकी कड या जाळीत जिना होऊन जाते, आणि जिन्याच्या पायऱ्यांची लांबी उतारापेक्षा जास्त असते. पंचेचाळीस अंशांवर तर ४१ टक्क्यांनी जास्त. ठिपके कितीही बारीक करा, पायऱ्या लहान होतील पण त्यांची बेरीज तेवढीच राहील, म्हणून महागडा कॅमेरा लावूनही हे सुटणार नव्हतं. चौकोन मात्र जाळीच्या रेषेतच बसतो, त्याला पायऱ्याच नाहीत. क्षेत्रफळात अशी चूक होत नाही, म्हणून मला संशय आला नाही. ज्या आकड्यात ३.७२ आणि ३.८१ मधल्या सव्वादोन-अडीच टक्क्यांवर घन की द्रव ठरतं, तिथे माझी मोजपट्टीच पंचवीस टक्के खोटी होती.

दुरुस्ती कंटाळवाणी पण सोपी. जिथे तीन पेशी भेटतात ते कोपरे शोधायचे, ते सरळ रेषांनी जोडायचे आणि त्या बहुभुजाची परिमिती घ्यायची. खऱ्या कडा किंचित वाकड्या असतात, त्यामुळे ही पद्धत थोडं कमी मोजते, पण ती चूक लहान आहे. नवे आकडे आले: ताजा थर ३.९ च्या आसपास, मग रोज थोडा खाली, आणि ठप्प झालेला थर ३.८२. ताईने पाहिलं आणि म्हणाली, "आता झोप."

याच वळणाचे आकडे माणसाच्या श्वासनलिकेच्या अस्तरातही मिळाले आहेत. जेफ्री फ्रेडबर्ग आणि सहकाऱ्यांचं ते काम २०१५ चंच. निरोगी दात्यांच्या पेशी वाढवल्या तर काही दिवसांत थर ठप्प होतो आणि निर्देशांक ३.८१ कडे येतो. दमा असलेल्या दात्यांच्या पेशींना तिथे पोचायला बराच जास्त वेळ लागतो. आणि ठप्प झालेल्या थरावर दम्याच्या झटक्यात पडतो तसा दाब दिला तर तो पुन्हा हलायला लागतो. दमा म्हणजे सूज आणि आकुंचन एवढंच मला माहीत होतं. अस्तर वेळेवर घट्ट न होणं हाही त्याचा एक भाग असू शकतो, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले.

पण एका आकड्यावर इतका विश्वास टाकणं मॅडमना आवडत नव्हतं. त्यांनी मला मायोसिनचं औषध वापरून बघायला सांगितलं. ब्लेबिस्टॅटिन मायोसिनला थांबवतं. आवळणारा पट्टा ढिला पडला की हवीशी परिमिती वाढायला हवी आणि थर पातळ व्हायला हवा, असं माझं भाकीत. पहिल्या प्रयोगात पेशी मेल्या. निळ्या प्रकाशात ब्लेबिस्टॅटिन निकामी होतं, वर विषारीही होतं, आणि मी चमकणाऱ्या कडा टिपायला नेमका निळाच प्रकाश लावला होता. दुसऱ्यांदा साध्या प्रकाशात केलं. आकार बदलले, पण थर काही फारसा वाहिला नाही. पेशीला पुढे रांगायलाही मायोसिन लागतंच. मी ब्रेक काढायला गेले आणि बरोबर इंजिनही काढून ठेवलं. तो प्रयोग मी सोडून दिला. कुणी जिद्दीचं असतं तर त्यातून काही काढलं असतं, पण मला त्यात रस उरला नव्हता.

त्याहून मोठा धक्का मोकळ्या कडेने दिला. थराच्या एका बाजूला अडसर लावून पेशी वाढवायच्या आणि मग अडसर काढायचा. समोर मोकळी जागा दिसली की थर तिकडे सरकतो. पुढच्या काही रांगांत माझा निर्देशांक ४ च्या वर गेला. म्हणजे तिथे पाण्यासारखा प्रवाह असायला हवा. फिल्म पाहिली तर त्या भागात शेजार जवळजवळ बदलतच नव्हता. सगळ्या पेशी एकाच दिशेने लांबलेल्या, हातात हात धरून ताणलेल्या चादरीसारख्या पुढे चालल्या होत्या.

लांबट आकार दोन कारणांनी येऊ शकतो, हे मी विसरले होते. पेशीला स्वतःलाच लांब परिमिती हवी असेल, तर ती कुठल्याही दिशेने लांब होईल, शेजारीण वेगळ्या दिशेने. पण बाहेरून ओढलं जात असेल तर सगळ्या एकाच दिशेने लांबतील, आणि ताणलेला घनही असाच दिसतो. फळमाशीच्या गर्भावर २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासात नेमका हाच हिशोब मांडला आहे. सरासरी आकारातून पेशी किती एका दिशेला लागल्या आहेत तो भाग वजा करायचा, आणि कोपऱ्यांवर तीनपेक्षा जास्त पेशी भेटत असतील तर तेही धरायचं, मग उरलेला आकडा थराबद्दल खरं सांगतो. मी वजाबाकी केली. पुढच्या रांगा पुन्हा घनाच्या बाजूला गेल्या.

याच सुमारास मी झेब्राफिशच्या गर्भावरचं, ऑत्गर कांपास यांच्या गटाचं २०१८ चं काम वाचलं. त्यांनी वाढत्या शेपटीच्या ऊतीत चुंबकीय तेलाचे थेंब सोडले, चुंबकाने ते ओढले आणि ऊती किती दबते हे थेट मोजलं. शेपटीच्या टोकाला ऊती द्रव, आणि पुढे डोक्याच्या दिशेला घन होत गेलेली. तिथे पेशींमध्ये फटी असतात, आणि त्या फटी कमी होणं हा घन होण्यातला एक भाग असतो. म्हणजे माझी ८४ टक्क्यांची जुनी गोष्ट अगदीच टाकाऊ नव्हती. ती फक्त चुकीच्या ऊतीला लावली होती. आकार बघून अंदाज करण्यापेक्षा ढकलून बघणं केव्हाही चांगलं, पण आमच्या एका पेशीइतक्या जाड थरात तेलाचा थेंब घालायला जागा नाही.

म्हणून मी टी-वन मोजायला लागले, थेट. चार दिवसांचा, पूर्ण ठप्प झालेला थर घेतला आणि पिपेटच्या टोकाने त्यावर एक ओरखडा काढला. पहिल्या तासात फक्त काठावरच्या पेशी पसरल्या. मग मागची रांग सैल झाली, मग त्यामागची, आणि काही तासांनी काठापासून बऱ्याच आतल्या, ओरखड्याशी काही संबंध नसलेल्या पेशी शेजार बदलायला लागल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही काठ भेटले आणि सगळं हळूहळू पुन्हा थांबलं. आकाराच्या आकड्यातून हे जेमतेम दिसत होतं. मोजणीतून दिसायला हवं होतं.

पण मोजणीही लुकलुकली. कड आखडते, बिंदू होतो, आडवी कड उघडते, दहा मिनिटांनी ती मिटते आणि जुनी कड परत येते. मग पुन्हा. मी आधी प्रोग्रॅमला शिव्या दिल्या, मग मूळ चित्रं काढून पेन्सिलीने कडा गिरवल्या. पेशी खरोखरच तसं करत होत्या. सिम्युलेशनमध्ये जो बग म्हणून मी दोन आठवडे मारत बसले होते, तो इथे जिवंत होता. परत फिरणाऱ्या टी-वनने थर कुठेच जात नाही, तेव्हा तो मोजायचा नाही, इथपर्यंत सगळ्यांना मान्य. मी नियम केला की नवी कड तासभर टिकली तरच ती खरी. त्या हिशोबाने ओरखड्यामागचा थर सहा तास द्रव राहिला. ताई म्हणते तासभर फार होतो, चाळीस मिनिटं पुरे, आणि चाळीस मिनिटांच्या नियमाने तेच सहा तास नऊ होतात. तासच का, याचं माझ्याकडे धड उत्तर नाही. तिच्याकडे चाळीसचं नाही. उद्या आम्ही दोघी तीच फिल्म वेगवेगळ्या बसून पेन्सिलीने मोजणार आहोत.